ब्रेक दाबताच ट्रॉलीचे दिवे मंद का होतात?

प्रश्न : ऊस कारखान्याला नेताना ब्रेक दाबला की ट्रॉलीचे मागचे दिवे मंदावतात, इंडिकेटरही नीट लागत नाही. ट्रॅक्टरचे दिवे मात्र ठीक आहेत. बल्ब बदलून पाहिले. काय करावे?
– एक शेतकरी, पाथरी (जि. परभणी)

उत्तर : ही लक्षणे बहुधा कमजोर अर्थिंगची आहेत. अनेक ट्रॉल्यांत परतीचा प्रवाह हुकाच्या पिनेतूनच ट्रॅक्टरकडे जातो. तिथे ग्रीस, गंज, चिखल. शिवाय रस्त्याचे हिसके. अर्थ तुटला की एका दिव्याचा प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो आणि सगळेच मंदावतात.

दिवे लावून ब्रेक दाबायला सांगा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मागच्या दिव्याच्या अर्थला धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दोष तिथेच. मग सॉकेटमधून २.५ चौ. मिमीची स्वतंत्र अर्थ-वायर दिव्यांपर्यंत न्या. चेसिसला जोडताना रंग खरवडून थिंबल लख्ख लोखंडावर आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.

फ्यूजच उडत असेल तर हुकाजवळ घासलेली वायर शोधा. फ्यूजऐवजी तांब्याची तार कधीही घालू नका. दुरुस्ती होईपर्यंत रात्रीची खेप टाळा. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी तर हवीच.