रात्रीच्या घामाला कोणती चादर?

प्रश्न : माझं वय ४९. रात्री मानेखाली, पाठीला घाम येऊन जाग येते. महागडी, मऊ मायक्रोफायबरची चादर घेतली, तरी अंगाला चिकटते. काय वापरावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मायक्रोफायबर म्हणजे बहुधा पॉलिस्टरच. दमट नसलेल्या सामान्य हवेत सुती धागा वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम अंगावरच राहतो.

साध्या विणीची, पातळ, शंभर टक्के सुती चादर घ्या. २०० ते ३०० थ्रेड काउंट पुरे; त्याहून दाट विणीत हवा कमी खेळते. सॅटिन विणीची चकचकीत चादर नको. जाड सोलापुरी चादर घाम शोषते, पण वाळायला वेळ लावते. ती थंडीसाठी ठेवा. लिनन महाग, पण शोषून लवकर वाळतं.

नव्या चादरीला खळ असते, म्हणून दोनदा धुऊनच अंथरा. पाण्याचा थेंब टाकून पाहा : लगेच जिरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा. फॅब्रिक कंडिशनर बंद करा, त्याचा थर शोषण कमी करतो. गादीवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर चादर बदलूनही फरक पडणार नाही.

या वयात रजोनिवृत्तीमुळे असा घाम येऊ शकतो. मात्र सोबत ताप, खोकला किंवा वजन घटणं असेल, किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर चादरीआधी डॉक्टरांना भेटा.