विहीर, गोटी सोडा आणि खोल बुडी

जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ मुले विहिरीतच पोहायला शिकतात. तळाची माती काढून आणायची पैज लागते. जरा खोल गेले की कान दुखू लागतात. असे का होते?

पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतोच. म्हणून 10 मीटरवर एकूण दाब दुप्पट, तर 30 मीटरवर चौपट होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे, तापमान तेच असता, दाब चौपट झाला की हवेचे आकारमान एक चतुर्थांश होते.

दम धरून बुडी मारणाऱ्याच्या छातीतील हवा खाली आकसते आणि वर येताना पूर्ववत होते. पाठीवर सिलिंडर घेतलेला पाणबुड्या मात्र भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा श्वासात घेतो. 30 मीटरवर भरलेला श्वास रोखून तो वर आला, तर ती हवा चौपट फुगू पाहील आणि फुप्फुसे फाटतील. म्हणून पहिला धडा हा, की श्वास कधीही रोखू नये.

दुसरा धडा गोटी सोड्याची बाटली देते. गोटी दाबताच सोडा फसफसतो, कारण दाबाने विरघळलेला वायू बाहेर पडतो. खोल पाण्यात रक्तामांसात नायट्रोजन असाच विरघळतो. घाईने वर आल्यास शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, प्रसंगी अर्धांगही होते. शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली.

हौशी पाणबुड्यांची मर्यादा सामान्यतः 40 मीटर मानतात. त्यांच्या बुडीत अडचण आली, तर सावकाश पण सरळ वर येता येते. त्यापलीकडील ‘तांत्रिक’ बुडीत ती सोय नाही. ठरलेले थांबे घेतल्याशिवाय वर येता येत नाही, जणू डोक्यावर अदृश्य छप्परच! म्हणून बिघाड पाण्यातच निस्तरावा लागतो. दोन सिलिंडर व दोन स्वतंत्र श्वसनयंत्रे बाळगतात. हवा बंद पडली, मुखवटा निघाला, तर काय करायचे याचा सराव आधी उथळ पाण्यात, शिक्षकासमोर, अंगवळणी पडेपर्यंत करतात.

वायूंचा हिशेबही शिकावा लागतो. दाबाखालच्या नायट्रोजनने गुंगी येते. ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे 1.6 वातावरणांपलीकडे गेल्यास झटके येऊ शकतात. साध्या हवेत ही मर्यादा 66 मीटरवर येते (7.6 × 0.21 = 1.6). म्हणून अधिक खोलीसाठी हेलियम मिसळून ऑक्सिजन व नायट्रोजनचे प्रमाण कमी करतात.

आपल्या राज्यात मालवणजवळ तारकर्लीला हौशी बुडीचे शिक्षण मिळते. नौदलाचे पाणबुड्यांचे विद्यालय कोचीला आहे.

आता सांगा, 20 मीटर पाणी असलेल्या विहिरीच्या तळाशी एकूण दाब किती? तीन वातावरणे! म्हणजे विहीर गावची असली तरी नियम समुद्राचेच. शिक्षण घेतल्यावाचून सिलिंडर किंवा कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून तिच्यात कोणी उतरू नये. खाली जायला धाडस पुरते; सुखरूप वर यायला गणित आणि धीर लागतो.