माजी मालगुजारी तलाव आणि वरचे रान

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनजिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांसारख्या नद्या येथून वाहतात. असे असूनही उन्हाळा लागताच अनेक गावांतील विहिरी तळ गाठतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाने ओढ दिली की निसवणीवर आलेला धान डोळ्यांदेखत वाळू लागतो. पाऊस मुबलक आणि पाणी मात्र अपुरे, या कोड्याचे उत्तर आकाशात शोधून सापडणार नाही. ते जमिनीच्या वापरात आहे.

पूर्वजांची योजना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारदप्तरी त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. त्याचेच लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याने भिजणारी जमीन इनाम मिळत असे, अशी परंपरा सांगितली जाते. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष प्रसिद्ध होते.

या तलावांची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. सर्वांत वर रान, त्याखाली बरड व गवताळ जमीन, मग मातीची पाळ घालून अडविलेला तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. तुडुमातून सोडलेले पाणी बांध्यांना मिळे. सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या गावच्या तलावात साठे. तलावातील झिरप्याने आसपासच्या विहिरींना पाणी राही. म्हणजे रान, तलाव, बांधी व विहीर हा एकच संसार होता. पाळ हा त्या संसाराचा केवळ दिसणारा भाग.

थोडा हिशेब

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात अवश्य सोडवून घ्यावे. तलावाचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे असे समजू. तेथे १,३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या जमिनीवर वर्षभरात १३ लाख घनमीटर पाणी उतरते. आता याच १०० हेक्टरांवरून दरवर्षी फक्त एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर धुपून गेला, तर ती माती भरते १,००० घनमीटर. तलावाचे बुडीत क्षेत्र १० हेक्टर असेल आणि सारी माती तेथेच बसली, तर तळावर वर्षाला एक सेंटिमीटर गाळ साचतो. पन्नास वर्षांत अर्धा मीटर! पाळ जागच्या जागी उभी असते, सांडवाही शाबूत असतो, तरी तलावाच्या पोटातील ५० हजार घनमीटर पाण्याची जागा मातीने घेतलेली असते.

ही माती कोठून किती येते, हे वरच्या जमिनीवर अवलंबून आहे. दाट रानात पावसाचा थेंब आधी पानांवर व नंतर पालापाचोळ्यावर पडतो. त्याचा मार कमी होतो, मुळांनी व किड्यामुंग्यांनी सच्छिद्र केलेल्या मातीत तो मुरतो. तेच रान तुटले, दरवर्षी वणव्याने पाचोळा जळाला किंवा उतारावर उभी नांगरट झाली, की थेंब उघड्या मातीवर आदळतो आणि ती घेऊन धावतो.

येथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. रान पाण्याची निर्मिती करीत नाही. झाडे स्वतःही पुष्कळ पाणी शोषून घेतात. त्यामुळे दाट रानाखालचा तलाव कदाचित सावकाश भरेल. परंतु ते पाणी स्वच्छ असते आणि मुरलेल्या पाण्यामुळे नाला पावसाळ्यानंतरही काही काळ वाहता राहतो. उघड्या जमिनीवरून पाणी लवकर व अधिक येते, पण ते गाळ घेऊन येते, सांडव्यावरून निघून जाते आणि गरजेच्या वेळी हाती राहत नाही.

मालकी बदलली, मेळ तुटला

मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० अन्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. शोषणाची एक जुनी पद्धत गेली, हे इष्टच झाले. परंतु तलावाची देखभाल करवून घेणारी गावातील व्यवस्थाही तिच्यासोबत गेली. तलाव शासनाचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. रान वन विभागाकडे, पडीक व झुडपी जमीन महसूल विभागाकडे आणि बांध्या शेतकऱ्यांकडे राहिल्या. जो एक संसार होता, त्याच्या चार चुली झाल्या.

त्याचे परिणाम आज दिसतात. पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटात होणारी गाळपेर शेती हळूहळू कायमची होते. मग तेथील कसणाऱ्यास तलाव पूर्ण भरलेला नको असतो आणि पाळीखालच्या शेतकऱ्यास तो भरलाच पाहिजे असतो. अशा तंट्यात दोन्ही बाजू गरीब असतात, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये. गाळाने उथळ झालेल्या पाण्यात बेशरमाचे रान माजते आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांची मिळकत घटते.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' यांसारख्या योजनांतून गाळ काढण्याचे काम होते व ते आवश्यकही आहे. परंतु वरचा उतार तसाच उघडा ठेवून काढलेला गाळ हा केवळ काही वर्षांचा दिलासा ठरतो.

खाणींचा धडा

जमिनीच्या वापरात होणारा सर्वांत मोठा बदल चंद्रपूर शहराच्या परिसरात पाहावयास मिळतो. उघड्या कोळसा खाणींतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर इरई नदीच्या काठी उभे राहिले आहेत. पावसाळ्यात त्यांतील माती पात्रात उतरते. याच नदीवरील धरणावर शहर व औष्णिक वीज केंद्र अवलंबून आहे. २०१० च्या उन्हाळ्यात या धरणाचे पाणी आटल्याने वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले आणि २०१३ च्या पावसाळ्यात शहरात पुराचे पाणी शिरले. पाऊस कमी-अधिक होणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु पात्र मोकळे ठेवणे आणि पाणलोट झाकलेला ठेवणे त्याच्या हाती आहे.

ग्रामसभेच्या हाती काय आहे?

वनहक्क अधिनियम, २००६ मधील कलम ५ लक्षपूर्वक वाचावे. पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत यांचे पुरेसे रक्षण होईल हे पाहण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेस व हक्कधारकांस दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घेऊन रान सांभाळण्याचा तेथील प्रघात त्याहून जुना आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने (१९९६) लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविले आहे. दोन्ही कायदे एकत्र वाचले, तर तुटलेला मेळ पुन्हा जुळविण्याचा मार्ग दिसतो.

त्यासाठी पुढील कामे गावपातळीवर करता येतील :

१. तलाठ्याकडून निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज पाहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या नोंदींची तरतूद आहे. तलावाचे पाणी, वाट व मासेमारी यांचे रूढ हक्क त्यांवरून कळतात.

२. गाळ काढण्याच्या प्रस्तावासोबतच पाणलोटाचा नकाशा जोडावा आणि वरच्या नाल्यांना दगडी बांध, उताराला आडवे चर व गवताची लागवड यांचा समावेश करावा.

३. उन्हाळ्यात वणवा न लागू देण्याची जबाबदारी ग्रामसभेने पाळीपाळीने वाटून घ्यावी.

४. तुडूम केव्हा उघडावयाचे हे गाळपेर करणारे, पाळीखालचे शेतकरी व मच्छीमार यांनी एकत्र बसून पावसापूर्वीच ठरवावे.

५. शाळेने पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन पारदर्शक बाटल्या भराव्यात : एक रानातून येणाऱ्या ओढ्याच्या पाण्याची, दुसरी उघड्या उतारावरील पाण्याची. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजून तारखेसह वहीत लिहावा. अशी पाच वर्षांची वही ग्रामसभेपुढे ठेवल्यास ती कोणत्याही भाषणाहून अधिक बोलकी ठरेल.

तलाव दुरुस्तीचा प्रस्ताव आला की आपण पाळीची लांबी व उंची विचारतो. यापुढे त्या प्रस्तावावर सही करताना अधिकाऱ्याने व सरपंचाने आणखी एक प्रश्न विचारावा : पाळीच्या वरच्या जमिनीवर आज काय उभे आहे?