वाघासाठी खाकी कशाला?

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. जानेवारीच्या अखेरीस ताडोबाला निघालोय, सगळ्यांचीच पहिली सफारी. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. नवऱ्याने चौघांसाठी लष्करी ठिपक्यांचे कपडे, ट्रेकिंगचे बूट, दुर्बीण अशी लांबलचक यादी केली आहे. मुलगा म्हणतो, वाघाला रंग दिसतच नाहीत, मग खाकी कशाला? कोणाचं खरं? आणि बॅगेत नेमकं काय भरू?

उत्तर : मुलाचं निम्मं खरं आहे, नवऱ्याचं त्याहून थोडं कमी.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. वाघाच्या आणि चितळाच्या डोळ्यात दोनच. त्यामुळे लाल, केशरी आणि हिरवा यांतला फरक त्यांना कळत नाही. आपल्याला भडक वाटणारा वाघ गवतात दबा धरून बसू शकतो तो याच कारणाने. चितळाच्या लेखी तो केशरी नसतोच, गवताच्याच रंगाचा एक पट्टेरी तुकडा असतो. म्हणजे मुलाचा लाल टीशर्ट पाहून वाघ चवताळेल ही भीती सोडून द्या.

पण रंग अजिबात दिसत नाहीत असंही नाही. हरणांच्या डोळ्यांना निळा चांगला दिसतो. लख्ख पांढरं तर कुठल्याही डोळ्याला उठून दिसतं. नीळ घातलेला पांढरा सदरा अंगात चढवून जंगलात जाऊ नये, ते यासाठी. पक्ष्यांची नजर तर आपल्याहून सरस, त्यांच्याकडे रंगपेशी चार प्रकारच्या. तेव्हा मातकट, राखाडी, शेवाळी असे मळखाऊ रंग बरे, आणि ते प्रत्येक घरच्या कपाटात असतातच. लष्करी ठिपके मात्र खरंच नकोत. तुम्ही झाडाआड लपणार नाही आहात. सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर घेऊन घरघरत येणाऱ्या उघड्या जिप्सीत बसणार आहात, आणि ती जिप्सी तिथला वाघ लहानपणापासून रोज बघतो आहे.

माझं मत विचाराल तर कपड्यांचा रंग नंतर बघा, आधी त्यांचा आवाज ऐका. सफारी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त होते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. गाइड गाडी थांबवायला लावतो, इंजिन बंद होतं, आणि सगळे ‘कॉल’ची वाट बघत बसतात. झाडावरून वानराचं खॉक-खॉक, चितळाची तीक्ष्ण शीळ, भेकराचं भुंकणं, सांबराचा खोल, घोगरा ‘ढँक’. सांबर उगीच ओरडत नाही असं जंगलातले लोक मानतात, म्हणून त्याचा कॉल आला की ड्रायव्हरचा हात किल्लीकडे जातो. कॉल कुठल्या बाजूचा, किती लांबचा, हे त्या शांततेत ओळखायचं असतं. आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या सीटवर कोणीतरी वेफर्सचं पाकीट उघडतं.

मीही निर्दोष नाही. पहिल्या सफारीला नवंकोरं नायलॉनचं विंडचीटर घालून गेलो होतो. हात हलवला की सळसळ, मान वळवली की सळसळ. शेवटी गाइडने मागे वळून नुसतं पाहिलं. उरलेले तीन तास मी हात मांडीवर ठेवून पुतळ्यासारखा बसलो. बॅगही चर्रकन उघडणाऱ्या वेल्क्रोची नको, चेनची घ्या. खायचं ते गेटवर किंवा आत ठरवून दिलेल्या थांब्यावर, आणि डब्यातून. चिवडा नको, गुळपोळी चालेल.

थंडीचं मात्र मनावर घ्या. नवी मुंबईत पंखा बंद केला की हिवाळा आला म्हणतात. ताडोबाजवळचं चंद्रपूर म्हणजे उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारं गाव, हे ऐकून ठाऊक असल्याने स्वेटर घरीच राहतात. जानेवारीतल्या पहाटे तिथे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि धावत्या उघड्या गाडीतल्या वाऱ्याने थंडी आणखी जाणवते. नऊ वाजता मात्र ऊन चटकायला लागतं. तेव्हा एक जाड जाकीट नेण्यापेक्षा एकावर एक असे तीन पातळ कपडे बरे : सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पण न वाजणारं काहीतरी. कानटोपी, हातमोजे आणि सगळ्यांच्या मांडीवर पसरायला घरची एक जुनी शाल. छायाचित्रात ती शोभणार नाही, पण बॅगेतली सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरेल.

नंतर धूळ. पुढची गाडी गेली की समोरचं काही दिसत नाही. विदर्भात उन्हातान्हात डोक्या-तोंडाला गुंडाळतात तो सुती दुपट्टा प्रत्येकाला एक घ्या. इथे शोधत बसू नका, चंद्रपूरच्या बाजारात मिळेल. कॅमेरा उशीच्या अभ्ऱ्यात गुंडाळून ठेवलात तरी भागतं.

दुर्बीण एकच घ्या, पण बरी घ्या. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. आठ म्हणजे किती पट जवळ दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्याशी येतं, आणि उजाडतानाच्या अंधूक प्रकाशात तेच कामी येतं. वीस-तीस पटींच्या जाहिरातींना भुलू नका. हातात धरून इतकं मोठं केलं की वाघ नाही, तुमच्याच हाताची थरथर दिसते.

मोबाइल ताडोबात आत नेता येत नाही, गेटवरच ठेवावा लागतो. म्हणून आरक्षणाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्रं घ्या. आरक्षण करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच घ्या. दुसरं नेलंत तर गेटवरच्या खिडकीशी पहाटेचा बहुमोल अर्धा तास जाईल. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं, हेही तिकिटं काढण्याआधी बघा. फोन नाही म्हणून मुलगा कुरकुरेल, त्याला वही-पेन्सिल द्या. रेल्वेत वाचायला मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ ठेवा. ठाण्याहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरली तर नागपूर येईपर्यंत बरंच वाचून होतं.

सासूबाईंसाठी कमरेमागे ठेवायला एक छोटी उशी. जिप्सीचे हादरे तरुण पाठीलाही कळतात. मधल्या सीटवर बसवा, मागे सर्वांत जास्त उडायला होतं. आत वाटेल तिथे उतरता येत नाही, तेव्हा पहाटेचा चहा अर्धाच कप द्या. त्या रागावतील, पण साडेआठला तुमचे आभार मानतील. रोजच्या गोळ्या हँडबॅगेत. पाणी स्टीलच्या बाटलीतून.

आता तालीम. निघण्याआधी एका रविवारी सगळं भरून पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात जा. तेही दूर वाटलं तर सीवूड्सच्या पाणथळीशी, जानेवारीत तिथे फ्लेमिंगो असण्याची शक्यता चांगली. ठरलेले कपडे घाला, बॅग मांडीवर घ्या आणि चौघेही वीस मिनिटं एक शब्द न बोलता बसा. जे जे वाजेल ते घरी ठेवायचं. मुलाला परीक्षक नेमा, नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या चुका फार लवकर ऐकू येतात.

राहता राहिले ट्रेकिंगचे बूट. चालायचंच नसल्याने रोजचे मऊ बूट पुरेत, फक्त थंडीसाठी मोजे जाड हवेत. चौघांच्या बुटांचे वाचलेले पैसे दुर्बिणीत घाला. मुलाचे पाऊल टाकताच लुकलुकणारे बूट असतील, तर ते मात्र नेरूळलाच राहू द्या.