संकटसमयी दारी कोणी यावे?

घरातला तरुण मुलगा रात्री एकाएकी बिथरला, किंवा एखादा माणूस स्वतःशीच बोलत भर रहदारीत उभा राहिला, म्हणजे पाहणारास एकच सुचते: पोलिसांस कळवा. पोलिसांविषयी फार आपुलकी असते असे नव्हे. हाकेसरशी येईल असे दुसरे कोणी ठाऊक नसते, एवढेच. अशा प्रसंगी पोलिसांऐवजी दुसऱ्या कोणास धाडावे काय, याविषयीचे लोकमत पाहताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. हे प्रयोग अमेरिकेत बरेच झाले असल्याने उदाहरणेही आम्ही तिकडचीच घेतो.

डेन्व्हर शहरात नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव आला की, मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती यांसाठी विक्रीकर शंभर डॉलरांमागे २५ सेंटांनी वाढवावा. आपणहून कर वाढवून घेणारे लोक विरळाच! तरीही सुमारे ७० टक्के मतदारांनी होकार दिला. त्या निधीच्या साहाय्याने जून २०२० मध्ये ‘स्टार’ नावाची गाडी सुरू झाली. तीत एक मानसोपचाराचा जाणकार व एक वैद्यकीय मदतनीस असतो. हत्यार कोणापाशीच नसते. हत्याराचा किंवा मारहाणीचा धोका आहे काय, याची चौकशी दूरध्वनीवरच होते व तसे काही नसेल तरच ही गाडी निघते. पहिल्या सहा महिन्यांत ती ७४८ ठिकाणी गेली. एकासही अटक झाली नाही. ज्या भागांत ती फिरली तेथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या, असे २०२२ च्या एका अभ्यासात आढळले. नोंद घटली म्हणजे गुन्हा घटलाच असे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हिंसक गुन्हे वाढल्याचेही त्या अभ्यासात दिसले नाही.

आता मिनियापोलिस पाहा. मे २०२० मध्ये तेथे जॉर्ज फ्लॉइड हा पोलिसाच्या हातून मारला गेला व देशभर संताप उसळला. तरीही पोलीस खाते काढून त्या जागी नवे सुरक्षा खाते आणावे काय, असे नोव्हेंबर २०२१ मध्ये विचारले असता सुमारे ५६ टक्के मतदारांनी नकार दिला. पुढच्याच महिन्यात मात्र मानसिक संकटासाठी बिनहत्यारी पथके त्याच शहरात सुरू झाली.

यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. ‘पोलीस नकोत काय?’ असे विचारले की माणसास दरोडेखोर आठवतो. ‘अशा वेळी कोणी यावे?’ असे विचारले की स्वतःचा आजारी भाऊ आठवतो.

केवळ विश्वासाने मात्र भागत नाही. यूजीन शहरात १९८९ पासून चाललेली अशीच ‘कहूट्स’ नावाची सेवा पैशाच्या अडचणीमुळे एप्रिल २०२५ मध्ये तेथे थांबली. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन हिंडलेल्या आमच्या सभासदांस याचे नवल वाटणार नाही.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे, निराधार भटकणारा मनोरुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतल्यास त्यास चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला देते. तिच्यामार्फत पथक दारी येत नाही. पण रुग्णाशी कसे बोलावे व त्यास कोठे न्यावे, हे तेथे विचारता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.