आधी उभी रेघ

चि. बाळास,


फोटो मिळाला. ट्रिनिदादच्या बंदूक-कारागिरीच्या शाळेत तुला '१९११' पिस्तुलाच्या मुठीची पुढची पट्टी चेकरिंगला, म्हणजे पकडीसाठी आडव्या-उभ्या खाचा पाडायला मिळाली, आणि तू विचारतोस, इंचाला ३० रेघा घेऊ का, नाजूक दिसतात. मी टूलरूमचा फिटर. बंदुकीतलं मला काही कळत नाही, कानशीतलं कळतं, तेवढंच सांगतो.

हे लेथवरच्या नर्लिंगसारखं समजू नकोस. तिथे जॉब फिरतो आणि रोलर धातू दाबून वर उचलतो. ही फ्रेम फिरणार कशी? इथे प्रत्येक खाच हातानेच कापायची, आणि कापलेलं पोलाद परत चिकटत नाही.

रेघा निवडताना दिसण्यापेक्षा जाडीचा विचार कर. इंचाला २० म्हणजे रेघेपासून रेघ १.२७ मिलिमीटर, ३० म्हणजे सुमारे ०.८५. खाचेचा कोन ९० अंशांचा धरला, तर खाचांमधल्या दाण्याला टोक येईपर्यंत खोली या अंतराच्या निम्मी लागते: ०.६४ आणि ०.४२. पट्टी पातळ असेल तर हा फरक फार मोठा. तेव्हा आधी मायक्रोमीटर लाव. २० चा दाणा हाताला घट्ट धरतो, पण चावतोही. वापरणाऱ्याला काय हवंय ते विचार.

लाकडी मुठीवर रेघा शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या जातात. या पट्टीवर उभ्या-आडव्या घे. उभ्या आधी. चेकरिंग कानशीला दात्यांच्या समांतर ओळी असतात. एक ओळ आधीच्या खाचेत बसते आणि शेजारची ओळ नवी खाच पाडते. म्हणजे पहिली रेघ वाकडी गेली, की पुढच्या सगळ्या इमानदारीने वाकड्या जाणार. मधली रेघ आखण्यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. आडव्या रेघा गोलाईवरून जातात, तिथे कानस मनगट वळवत ने. ट्रिगर गार्डखाली मोठी कानस पोचणार नाही. तिथे तिकोनी नीडल फाइल.

एका दमात खोल जाऊ नकोस. सगळीकडे हलक्या खुणा, मग थोडं खोल, मग आडवं, पुन्हा उभं. दाण्यांच्या माथ्यावरचा सपाट ठिपका मिटला की थांब. त्यापुढे कानस चालवलीस तर दाणे उंच होत नाहीत, नुसती पट्टी पातळ होत जाते. कानशीला खडू लाव, म्हणजे दात्यांत कीस अडकून ओरखडे उठणार नाहीत. मागे येताना ती उचल. फ्रेम व्हाइसमध्ये धरताना मॅगझिनच्या पोकळीत मापाचा ठोकळा घाल, नाहीतर ती दबेल. आणि हे सगळं पिस्तूल रिकामं करून, पूर्ण उघडल्यावरच. हे तुला शाळेत रोज ऐकवत असतील.

पंचाने ठिपके ठोकून खरबरीत करायची पद्धतही चांगली, कमी प्रतीची मुळीच नाही. पण रेघा बिघडल्या म्हणून त्यांवर ठिपके ठोकणं मला आवडणार नाही.

ब्लूइंगआधी टोकांवरून बारीक कानशीचा एकच हलका हात फिरव. अणकुचीदार दाणे नवशिक्याला फार आवडतात. ते कोटाचं अस्तर फाडतात. पुढचा फोटो काढताना उजेड बाजूने पाड. समोरून पाडलेल्या उजेडात सगळ्या रेघा सरळच दिसतात.

तुझा,
काका