व्हेंट पाईपला बूच मारू नका

गच्चीवरच्या सोलर टाकीतून एक पाईप सरळ वर निघतो आणि छत्रीच्या दांड्यासारखा वाकून उघडाच संपतो. त्याला नळ नाही, व्हॉल्व्ह नाही, त्यातून पाणी कुठे जात नाही की येत नाही. सोसायटीत ज्याला त्याला तो फालतू वाटतो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सात मजली इमारतीत तसाच वाटला आणि त्यापायी एक धडधाकट स्टीलची टाकी चेपून बसली. उपनगरांत आता नव्या इमारतींच्या गच्च्यांवर सोलरची पॅनेलं सर्रास दिसतात. 2018 साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतही त्याची तरतूद आहे. म्हणून जे आमच्याकडे घडलं ते सविस्तर सांगते.

आधी रचना समजून घ्या, कारण तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा उंचीत सापडतं. सगळ्यांत वर थंड पाण्याची सिमेंटची टाकी. तिच्या खाली सोलरची टाकी आणि त्याहून खाली पॅनेल. पॅनेलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक टाकीत चढतं, थंड पाणी त्याच्या जागी उतरतं. पंप लागत नाही. नळाला धार येते तीही नुसत्या उंचीच्या जोरावर, दहा मीटरला साधारण एक किलो दाब या हिशेबाने. म्हणजे सातव्या मजल्याला जेमतेम अर्धा किलो.

या सगळ्यात व्हेंट पाईप सिमेंटच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर नेलेला असतो, त्यामुळे तो एरवी वाहत नाही. हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर गेलं की सुमारे 17 लिटरने फुगतं. त्याला वर सरकायला जागा हवी. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, तिला बाहेर पडायला वाट हवी. आणि टाकी रिकामी होत असेल तर तितकीच हवा आत यायला हवी. हे तिसरं काम कुणाच्या ध्यानात येत नाही.

हिवाळ्यात खालच्या मजल्यांवरून तक्रारी सुरू झाल्या: सकाळी गरम नळाला कोमट पाणी. त्याच सुमारास व्हेंटमधून गच्चीवर पाणी सांडू लागलं. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालेलं, त्यामुळे कमिटीचा जीव तिथेच अडकला. देखभालीचं कंत्राट असलेल्यांचा माणूस आला, वर बघून म्हणाला, "ताई, यातूनच येतंय ना पाणी? बूच मारून टाकतो, झंझट मिटली." बूच बसलं, सांडणं थांबलं. कोमट पाण्याची तक्रार मात्र तशीच, आणि वर "पॅनेलं बाद झालीत" असं म्हणत नव्या पॅनेलांचं कोटेशन आलं.

मग टाक्या धुण्याचा दिवस उजाडला. सिमेंटची टाकी रिकामी केली, तिथून सोलरला जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. नोटीस फक्त थंड पाण्याची लागली होती. खाली कुणीतरी गरम नळ सोडला. डाऊनटेकमधलं, म्हणजे टाकीतून खाली नळांकडे जाणाऱ्या उभ्या पाईपमधलं पाणी खाली ओढ घेऊ लागलं, टाकीत त्याच्या जागी यायला ना पाणी ना हवा. एका मजल्याएवढा, तीन मीटरचा पाण्याचा स्तंभ जरी असा लोंबकळला, तरी टाकीच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला बाहेरून तीन टनांचा भार पडतो. आतली स्टीलची टाकी आतून येणारा दाब सोसायला केलेली असते, बाहेरून दाबलं जाणं तिला पेलत नाही. गच्चीवर ढप्प असा आवाज झाला. वरचं आवरण उघडलं तेव्हा टाकीची एक कूस आत गेलेली होती आणि जोडाच्या रेषेवर चीर.

टाकी बदलावी लागली. पण बूच मारण्याआधी पाणी मुळात सांडत का होतं, हे तरीही कुणाला सांगता येईना. पातळीहून वर असलेल्या पाईपातून पाणी बाहेर पडतंय म्हणजे त्याला खालून कुणीतरी ढकलतंय, एवढं तर उघड होतं. आणखी एक धागा तक्रारवहीत पडून होता: तक्रार करणारे सगळे फ्लॅट एकाच उभ्या रांगेतले, एकाच डाऊनटेकवरचे.

कुठल्याही सोसायटीला करता येईल अशी तपासणी आम्ही केली. सगळ्यांना आगाऊ सांगून दुपारी गच्चीवरचा गरम पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद केला. हवा शिरायला वरच्या मजल्यावर एक गरम नळ उघडा ठेवला आणि पहिल्या मजल्यावरचा गरम नळ सोडला. लाईनमधलं पाणी ओसरलं की धार तुटायला हवी. आमच्याकडे ती तुटेना, आणि पाणी थंडगार. मग एकेका फ्लॅटमध्ये जाऊन गरम लाईनचे अँगल कॉक बंद करत गेलो. सातव्या मजल्यावरच्या एका बाथरूमचा कॉक फिरवला आणि खाली धार थांबली.

त्या घरातल्या काकांनी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवला होता, फक्त थंड लाईनवर. मिक्सरच्या पुढे हँड शॉवर, त्याला स्वतःचं बटण. शॉवर बटणाने बंद करायचा आणि मिक्सर उघडाच ठेवायचा, अशी घरातली सवय. पंपाचा दीड किलो दाब मिक्सरमधून गरम लाईनीत घुसायचा. खाली कुणी नळ सोडला तर थंड पाणी खाली जायचं, नाहीतर डाऊनटेकमधून वर चढून सोलर टाकीत आणि व्हेंटमधून गच्चीवर. पॅनेलं ठणठणीत होती.

हे लक्षण आपल्याकडचंच नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये राहते. तिथल्या जुन्या घरांत बॉयलर आणि रेडिएटरची लाईन असते, माळ्यावर छोटी टाकी, आणि तिच्या तोंडावर वाकवलेला व्हेंट. पंप चुकीच्या जागी बसला तर तिथेही व्हेंटमधून पाणी टाकीत पडत राहतं; सोबत हवेतला ऑक्सिजन लाईनीत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तळाशी काळा गाळ साचतो. म्हणून तिथे क्रमच ठरलेला आहे: बॉयलरकडून निघाल्यावर आधी व्हेंट, मग थंड पाण्याची जोडणी, त्यानंतर पंप. पहिल्या दोहोंत 150 मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवत नाहीत. व्हेंट वाहू लागला की तिकडचा जाणता प्लंबर आधी पंप कुठे आहे ते बघतो.

तेव्हा पॅनेल बदलायचं कोटेशन हातात पडलं की सही करण्याआधी भर दुपारी गच्चीवर जा आणि पॅनेलच्या वरच्या व खालच्या पाईपला जपून हात लावा. वरचा चटका देणारा आणि खालचा त्या मानाने गार असेल तर पॅनेल काम करतंय, दोष पुढे आहे. पॅनेल तापलंय पण वरचा पाईप गार असेल तर मध्ये हवा अडकलीय किंवा क्षार साचलाय. तानसा-भातसाचं पालिकेचं पाणी मऊ असतं, पण मे महिन्यात बोअरचं टँकरपाणी टाकीत घेणाऱ्या सोसायट्यांत तांब्याच्या नळ्या आतून अरुंद होतात.

हवा धरण्याची ठरलेली जागा म्हणजे गच्चीच्या दारावरून नेलेला पाईप. लोकांना जायला अडचण नको म्हणून गरम लाईन दोन एल्बो लावून वर उचलतात, पलीकडे पुन्हा खाली आणतात. त्या उंचवट्यात हवा साचते आणि कमी दाबाचं पाणी तिथेच अडतं. नळ फडफडतो, मग गप्प. प्लंबर नळ उघडून हवा काढून देतो, आठवड्याने पुन्हा तेच. पाईप जमिनीलगत आणा आणि वर लोखंडी पायरी ठेवा. ते जमत नसेल तर उंचवट्याच्या माथ्यावर स्वतंत्र व्हेंट घ्या, तोही टाकीच्या पातळीहून वर.

दुरुस्तीचा माल कुठला वापरला तेही बघा. गरम लाईनीत पांढरा यूपीव्हीसी एल्बो बसवून जाणारे महाभाग आहेत. तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. गरमला सीपीव्हीसी आणि त्याचंच सोल्युशन. सीपीव्हीसीही तापला की वाढतो: दहा मीटरची लांबी 40 अंशांच्या फरकाला सुमारे अडीच सेंटीमीटर. क्लॅम्प आवळून बसवले तर ती वाढ जोडांवर येते आणि गळती कोपऱ्यातून सुरू होते.

टाकी धुताना सोलरकडे येणारा आणि सोलरकडून खाली जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, आणि बॅकअपचा हीटर असेल तर त्याचा स्विच काढा, कोरड्या टाकीत कॉइल जळते. पुन्हा सुरू करताना खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, वरच्या मजल्याचे नळ सोडून ठेवायचे, फडफड थांबेपर्यंत.

काकांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, पंप माझ्या घरात, माझ्या पैशांचा. शेवटी त्यांच्या गरम लाईनीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचं ठरलं. त्यातही मेख आहे. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला तर वरच्या मजल्याचा तुटपुंजा दाब त्याला नीट उघडेलच असं नाही. झडपेचा, हलका हवा, आणि बाणाची दिशा बघून बसवलेला. आम्ही तसा बसवला, व्हेंट पुन्हा उघडा केला, आणि एजीएममध्ये ठराव केला की बाथरूमच्या कामाची एनओसी मागणाऱ्याने पंप कुठल्या लाईनवर लावणार ते अर्जात लिहायचं. अर्जाच्या नमुन्यात तेवढा एक रकाना वाढवला आहे.